झड लागली की खिडकीच्या कोपऱ्यांतून पाणी आत येतं – नेमकी वाट कशी शोधायची आणि काय भरायचं?

मृद्गंध

ठाणे, सातवा मजला, पश्चिमेकडची खिडकी. माप ५ फूट रुंद, ४ फूट उंच. ॲल्युमिनियमची तीन ट्रॅकची स्लायडिंग आहे, दोन काचेची शटरं आणि एक जाळीचं. चारही बाजूंना ग्रॅनाइटची चौकट असून तिच्या मधोमध ॲल्युमिनियमची फ्रेम बसवली आहे. वर छज्जा नाही. भिंतीतून तीनेक इंच पुढे आलेली सिमेंटची पट्टी तेवढी आहे.

सरळ पडणारा पाऊस कितीही जोराचा असला तरी काही होत नाही. पश्चिमेकडून वारा धरून झड लागली की अर्ध्या-पाऊण तासात खिडकीखाली उजव्या कोपऱ्यात ओल उतरते. तिथे पुट्टीला फुगे आलेत आणि क्षार फुटलेत. दुसरा डाग वरच्या डाव्या कोपऱ्यात, ग्रॅनाइटच्या वर आहे. तो मात्र पाऊस थांबल्यावर, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी गडद होतो. जोराच्या वाऱ्यात खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साठतं आणि त्यातून बुडबुडे येतात.

गेल्या वर्षी इमारतीच्या रंगकामात बाहेरून सिलिकॉन मारलं होतं. ती रेष आता नखाने सोलून निघते. पुन्हा सिलिकॉन मारण्याआधी पाणी कुठून येतंय हे पक्कं कळायला हवं. कसं शोधायचं?

---

ओळंबा

वेळेचा फरक तुम्ही नोंदवलात हे फार उपयोगाचं आहे. त्यावरून मला या दोन वेगळ्या गळती दिसतात. अर्ध्या तासात उतरणारी ओल फ्रेममधून किंवा ट्रॅकमधून येते, कारण तिथे पाण्याची वाट आखूड असते. दुसऱ्या दिवशी दिसणारा डाग गिलाव्यात आणि विटांत मुरून, पसरून आलेला असतो. त्याचा उगम डागाच्या वर किंवा बाजूला बऱ्याच अंतरावर असू शकतो.

आधी ट्रॅक तपासा. हे काम आतूनच होतं. ट्रॅक ब्रशने स्वच्छ करा. पाणी बाहेर जाण्याची जी भोकं ट्रॅकच्या कडांना असतात (यापुढे वीप होल म्हणू) ती शाडूच्या मातीने आतून बुजवा. मग ट्रॅकमध्ये साधारण १५ मिमी पाणी भरा आणि त्यात चिमूटभर कपड्यांची नीळ टाका. पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर पाणी ट्रॅकच्या सांध्यातून किंवा स्क्रूच्या भोकातून फ्रेमखाली जातंय. भिंतीवर निळसर ओल आली तर शंकाच उरली नाही. तिथला भिंतीचा रंग नंतर काढायचाच आहे, त्यामुळे निळ्या डागाची चिंता नको.

ट्रॅक ठीक निघाला तर, किंवा दुरुस्त झाल्यावर, भिंतीची चाचणी. बागेच्या पाइपने, फवारा ठेवून, धार न मारता पाणी सोडायचं. सुरुवात खालून. आधी फक्त ग्रॅनाइटची खालची पाटी आणि तिच्याखालचा सांधा १० मिनिटं, मग एक बाजू, मग दुसरी, मग वरची आडवी रेष. सगळ्यात शेवटी खिडकीच्या वरची भिंत, आणि तिला अर्धा-पाऊण तास द्या. क्रम उलटा केला तर वरचं पाणी ओघळून सगळे सांधे एकदम भिजवतं आणि काहीच कळत नाही. जोराची धारही नको, पावसाचं पाणी जिथे कधी शिरलं नसतं तिथेही ती पाणी घुसवते. वरच्या भिंतीसाठी आठव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विनंती करून त्यांच्या खिडकीतून पाइप सोडा. तुम्ही स्वतः बाहेर वाकून काहीही करू नका.

आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा हवा. उजेड भिंतीला लागून तिरका पाडला की ओल डोळ्यांना दिसण्याआधी पुट्टीचा फुगवटा दिसतो.

---

फ्रेमवाला

बुडबुड्यांबद्दल लिहितो, कारण निम्मं निदान तिथेच आहे.

वारा खिडकीवर आदळतो तेव्हा बाहेरचा दाब घरातल्या दाबापेक्षा जास्त असतो. वीप होलमधून पाणी बाहेर जायला हवं, पण त्याच भोकातून हवा आत ढकलली जाते, म्हणून बुडबुडे. आतल्या पाण्याची पातळी या दाबाला पुरून उरेल इतकी वाढेपर्यंत पाणी बाहेर पडत नाही. ताशी ५४ किलोमीटर वाऱ्याचा दाब साधारण १३५ पास्कल, म्हणजे १४ मिमी पाण्याच्या उंचीइतका. ताशी ७२ किलोमीटरला तो २४० पास्कल होतो, म्हणजे जवळपास २५ मिमी. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आता तुमच्या ट्रॅकची आतली कड मोजा. ती २० मिमी असेल तर ७२ च्या झोतात पाणी कडेवरून थेट आत सांडणार, आणि त्यावर कुठल्याही सीलंटचा इलाज नाही. कड ३५-४० मिमी असेल तर निभावतं.

पण तुमच्याकडे पाणी कडेवरून सांडत नाही, भिंतीत उतरतंय. म्हणजे साठलेलं पाणी खालून कुठेतरी निसटतंय. तीन जागा बघा:

- खालचा ट्रॅक आणि उभी पट्टी जिथे स्क्रूने जोडलेत तो कोपरा. कारखान्यात किंवा साइटवर जोडताना मध्ये सीलंट घालायचं असतं, ते सर्रास राहून जातं.
- खालच्या ट्रॅकमधून थेट ग्रॅनाइटमध्ये मारलेले स्क्रू. फ्रेम घट्ट बसावी म्हणून ते मारतात आणि ट्रॅकच्या तळालाच भोक पाडून ठेवतात. फ्रेम उभ्या बाजूंनी आणि वरून धरली तर एवढ्या मापाला तळातून स्क्रूची गरज नसते.
- रंगकामात बुजलेली वीप होल. बाहेरून सिलिकॉनची रेष ओढताना कारागीर खालच्या कडेवरही सलग ओढत जातो आणि भोकं बंद होतात. मग ट्रॅक हौदासारखा भरतो आणि एरवी तग धरणारा कच्चा सांधाही गळायला लागतो.

नखाने सोललं जाणारं सिलिकॉन बहुधा व्हिनेगरसारखा वास येणारं, आम्लधर्मी असणार. ते काचेला उत्तम. सिमेंटला आणि ग्रॅनाइटला नीट धरत नाही, ॲल्युमिनियमच्या उघड्या कापलेल्या कडा गंजवतं. खिडकीच्या परिघाला नेहमी न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या. कार्ट्रिजवर तसं छापलेलं असतं.

---

पाऊसपाणी

इतकं खोलात जाण्यापेक्षा बाहेरच्या पूर्ण भिंतीवर पारदर्शक वॉटर रिपेलंटचा फवारा मारून घ्या. सिलेन-सिलोक्सेनवालं. पाणी भिंतीवर टिकतच नाही, मोत्यांसारखं ओघळतं. झुल्यावरच्या (गच्चीवरून दोराने सोडलेल्या पाळण्यावरच्या) माणसाचं एका दिवसाचं काम.

---

ओळंबा

पाऊसपाणी, ते द्रव्य चांगलं आहे, पण त्याचं काम वेगळं. गिलाव्याची किंवा विटेची बारीक छिद्रं ते पाणी न शोषणारी करतं. भेगेवर ते पूल बांधत नाही. केसाएवढ्या भेगेपर्यंत थोडाफार उपयोग होतो, त्याहून रुंद भेगेत वाऱ्याने ढकललेलं पाणी सरळ आत जातं. फ्रेमच्या सांध्याला तर त्याचा संबंधच नाही.

शिवाय क्रम महत्त्वाचा. रिपेलंट आधी मारलं की नंतरचं सीलंट, प्रायमर, गिलावा, काहीच नीट धरत नाही. म्हणून मारायचंच असेल तर सगळी दुरुस्ती झाल्यावर, तेही उघड्या विटांच्या, दगडाच्या किंवा न रंगवलेल्या भिंतीवर. रंगवलेल्या भिंतीत ते मुरतच नाही, आणि ही भिंत गेल्याच वर्षी रंगवली आहे.

---

मृद्गंध

चाचण्या केल्या. ट्रॅकमधली पातळी २० मिनिटांत साधारण ८ मिमी उतरली आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात निळसर ओल आली. ट्रॅकच्या तळाला दोन स्क्रू आहेत, दोन्हींची डोकी गंजली आहेत. बाहेरच्या कडेला दोन वीप होल आहेत, त्यांतलं एक सिलिकॉनने पूर्ण बंद आणि दुसरं रंगाने अर्धं भरलेलं. मधल्या आणि आतल्या कडांना भोकंच नाहीत. आतली कड ३८ मिमी उंच आहे.

पाइपच्या चाचणीत खालचा सांधा आणि दोन्ही बाजू कोरड्या राहिल्या. वरच्या भिंतीवर पाणी सोडल्यावर साधारण ४० मिनिटांनी वरच्या डाव्या कोपऱ्यातला डाग ओला झाला. शेजाऱ्यांच्या खिडकीतून फोटो काढले. बीमच्या खालच्या रेषेत एक आडवी भेग आहे आणि खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरकी जाणारी दुसरी. सिमेंटच्या पट्टीखाली पाणी तोडणारी खाच नाही, पाणी पट्टीच्या पोटावरून ओघळत ग्रॅनाइटपर्यंत येतं.

---

फ्रेमवाला

३८ मिमी कड म्हणजे फ्रेम बदलायची गरज नाही. ट्रॅकचं काम असं करा.

शटरं काढताना दोन माणसं हवीत. आतल्या बाजूच्या शटरपासून सुरुवात करा, वर उचलून खालची बाजू आपल्याकडे ओढायची. वर उचलत नसेल तर वरच्या ट्रॅकमध्ये शटर निसटू नये म्हणून बसवलेला छोटा अडथळा असतो, त्याचा स्क्रू आधी सैल करा. सगळी शटरं आत घेईपर्यंत खिडकीचं ग्रिल उघडायचं नाही. चाकं आणि कडेची ब्रशसारखी लव याच वेळी बघून घ्या. लव झिजून आडवी झाली असेल तर ती नवीन भरा, मीटरवर मिळते.

जुनं सिलिकॉन पूर्ण निघालं पाहिजे. नवं सिलिकॉन जुन्याच्या पातळ थरावरही धरत नाही. मोठा भाग पात्याने, उरलेला प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. एका फडक्याने ओलं पुसा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने मळ उचलून घ्या. एकच फडकं फिरवलं तर तेलकटपणा फक्त पसरतो. पावडर कोटिंगवर थिनर वापरू नका.

तळाचे दोन्ही स्क्रू काढा. भोकात प्लास्टिकची गिट्टी असेल, तिच्यासकट भोक न्यूट्रल सिलिकॉनने तळापासून वरपर्यंत भरा आणि स्क्रू पुन्हा मारू नका. फ्रेम हलते आहे असं वाटलं तर उभ्या पट्टीत, तळापासून १५ सेंमी वर, प्रत्येक बाजूला एक स्टेनलेसचा स्क्रू वाढवा. दोन्ही खालचे कोपरे आतून सील करायचे. कार्ट्रिजची नळी बारीक कापा, सांध्यावर टेकवा आणि माल फटीत ढकला. वरून लेप दिल्यासारखं केलं तर सहा महिन्यांत कड सुटते. कोपऱ्यापासून उभ्या पट्टीवर ५० मिमी आणि ट्रॅकवर ५० मिमी एवढं घ्या.

आता वीप होल. गोल ४-५ मिमीचं भोक चालत नाही. पृष्ठताणामुळे पाण्याचा पडदा त्यात अडकून राहतो. ६ मिमी उंच आणि २५ ते ३० मिमी लांब खाच हवी. ६ मिमीच्या ड्रिलने दोन भोकं पाडून मधला भाग कानशीने काढा आणि कडा गुळगुळीत करा, नाहीतर कचरा तिथेच अडकतो. प्रत्येक कडेला दोन खाचा, टोकांपासून १०-१५ सेंमी आत. आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या कडेच्या खाचा एका रेषेत आल्या तर वारा सरळ आरपार येतो, म्हणून त्या एकमेकींपासून निदान १० सेंमी सरकवा. इथे एक घोटाळा फार होतो. आतली कड म्हणजे खोलीच्या बाजूची सगळ्यात उंच कड नव्हे, तिला भोक पाडायचं नाही. शटरची चाकं ज्या उभ्या रुळांवर फिरतात त्यांना पाडायची, आणि ट्रॅकच्या तळाशी अगदी लागून. तळालाच आडवं भोक पाडलंत तर पाणी पुन्हा फ्रेमखाली जाईल.

सेक्शन पोकळ आहे का तेही बघा. पोकळ असेल तर पाणी वरच्या खाचेतून पोकळीत उतरून समोरच्या खाचेने बाहेर पडतं. अशा वेळी पोकळीची दोन्ही टोकं सीलबंद हवीत. बाहेरच्या खाचांवर झडपेच्या टोप्या लावा. वारा आत आला की झडप मिटते, पाणी आलं की उघडते.

सिलिकॉन दिवसाला २-३ मिमी एवढंच आतपर्यंत पक्कं होतं. शटरं २४ तासांनी चढवा आणि पाण्याची तीच नीळवाली चाचणी तीन दिवसांनी पुन्हा करा.

---

मृद्गंध

ॲल्युमिनियम आणि ग्रॅनाइटमधली बाहेरची फटही नव्याने भरायची आहे. काही ठिकाणी ती ४ मिमी आहे, काही ठिकाणी १०. सिलिकॉन की पीयू (पॉलियुरेथेन सीलंट)? आणि किती लागेल?

---

फ्रेमवाला

ॲल्युमिनियम-ग्रॅनाइटला न्यूट्रल सिलिकॉन, उन्हात पीयूपेक्षा जास्त टिकतं. मात्र दगडासाठीचं, डाग न पाडणारं मागा. साध्या सिलिकॉनमधलं तेल ग्रॅनाइटमध्ये झिरपून कडेला काळपट पट्टा उमटतो आणि तो निघत नाही. ग्रॅनाइट-गिलाव्याच्या सांध्याला पीयू किंवा हायब्रिड सीलंट, कारण त्यावर रंग बसतो. सिलिकॉनवर रंग बसत नाही.

१० मिमी फटीत आधी फोमची दोरी, म्हणजे बॅकर रॉड. फटीपेक्षा पाव हिस्सा जाड घ्यायची, १० ला १२ किंवा १३ मिमी, म्हणजे ती दाबून बसते. दोरीचं काम फक्त माल वाचवणं नाही. सीलंट दोन बाजूंनाच चिकटलं पाहिजे. तळालाही चिकटलं तर फट उघडताना ते ताणू शकत नाही आणि मधोमध फाटतं. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी, पण ६ मिमीपेक्षा कमी नाही. ४ मिमीच्या फटीत दोरी जात नाही. तिथे शक्य असेल तर फट ६ मिमीपर्यंत मोकळी करा, नाहीतर कोपऱ्यात तिरकी रेष भरा. ती दोन्ही पृष्ठांना किमान ६ मिमी धरलेली हवी.

हिशेब असा. परिघ १८ फूट, म्हणजे ५.५ मीटर. ६ बाय ६ मिमी सांध्याला २८० मिलीचं एक कार्ट्रिज साधारण पावणेआठ मीटर जातं, १० बाय ६ ला साडेचार मीटर. तुमच्या मिश्र फटीला दोन आणा. दोन्ही कडांना मास्किंग टेप, माल भरल्यावर पाच-दहा मिनिटांत सपाट करून टेप लगेच ओढायची. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून फिरवायची सवय बऱ्याच कारागिरांना असते. ते पाणी अजून न भरलेल्या भागात ओघळलं तर तिथे सीलंट धरणार नाही. त्यापेक्षा कोरडी पट्टी फिरवा.

खालची आडवी रेष भरताना खाचांसमोर थांबा, त्या उघड्या दिसल्या पाहिजेत.

---

ओळंबा

आता भिंत. बीमच्या खालची भेग आरसीसी आणि वीटकाम यांच्या सांध्यावर आहे. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात तापतात, आकसतात, म्हणून तो सांधा दर वर्षी थोडा उघडतो आणि मिटतो. तिथे सिमेंटचं घट्ट सारण भरलं की शेजारी नवी भेग पडते. भरायचं ते लवचीकच.

ग्राइंडरने भेगेच्या रेषेत १०-१२ मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच घ्यायची, धूळ ब्रशने आणि हवेने काढायची, सीलंट कंपनीने सांगितलेला प्रायमर लावायचा आणि पीयू भरायचं. त्याआधी दोन्ही बाजूंचा गिलावा हातोडीच्या दांड्याने ठोकून बघायला सांगा. पोकळ आवाज आला तर तो भाग तोडावाच लागेल. भेगेच्या दोन्ही बाजूंना १५ सेंमी, विटेपर्यंत. विटा आणि बीमवर मिळून ३० सेंमी रुंद जाळी खिळ्यांनी ताणून बसवा, जाळी भिंतीला सपाट न चिकटता थोडी उचललेली हवी म्हणजे माल मागे जातो. सिमेंट आणि पॉलिमर द्रवाची स्लरी लावा. ती चिकट असतानाच गिलावा, वाळल्यावर केला तर तीच स्लरी दोन थर वेगळे करते. गिलावा १:४ (सिमेंट:वाळू), दोन थरांत, आधी १२ मिमी आणि मग ८. पॉलिमरचं प्रमाण डब्यावर असतं तेच घ्या, अंदाजाने ओतू नका. सात दिवस पाणी. जोड जिथे येतो तिथे बारीक खाच सोडून पीयूने भरा. तिरक्या भेगेलाही हीच पद्धत. त्यावर भेगा झाकणाऱ्या लवचीक कोटिंगचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा.

पट्टीचं काम छोटं आहे, पण माझ्या मते पूर्ण दुरुस्तीत सगळ्यात जास्त फायदा त्याचाच. पाणी पोटावरून ओघळत खिडकीकडे येतंय, ते काठावरच तुटून पडलं पाहिजे. पट्टीच्या खालच्या बाजूला, बाहेरच्या कडेपासून २० मिमी आत, १० बाय १० मिमी खाच पाडा. भिंतीला मिळण्याच्या दोन बोटं आधीच ती थांबवा, नाहीतर पाणी खाचेतून वाहत भिंतीवर जाईल. खाच पाडताना पट्टी फुटण्यासारखी असेल तर २५ मिमीचा ॲल्युमिनियमचा अँगल पीयूने कडेला चिकटवून खाली १० मिमी लोंबता ठेवा. पट्टीच्या वर, भिंतीच्या कोनात ५० मिमीचा वाटा (सिमेंटची गोलाई) आणि बाहेरच्या बाजूला उतार. ग्रॅनाइटच्या खालच्या पाटीचंही तेच तपासा. तिला बाहेर उतार हवा, ती गिलाव्याच्या पुढे २५ ते ४० मिमी आलेली हवी आणि पोटाला खाच हवी. उतार आत असेल तर बाकी सगळं नीट करूनही फ्रेमच्या खालच्या रेषेवर पाणी उभं राहील.

सातव्या मजल्यावर हे झुल्यावरच होणार. कामगाराला पूर्ण अंगाचा हार्नेस आणि झुल्याच्या दोरापासून वेगळा बांधलेला सुरक्षा-दोर आहे की नाही, हे काम सुरू होण्याआधी स्वतः गच्चीवर जाऊन बघा.

आतलं सगळं शेवटी. फुगलेली पुट्टी आणि सुटलेला गिलावा काढून टाका, क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा भिंतीत जातात. भिंत वाळली का बघायला दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. आतून घाम धरला तर अजून थांबा. खिडकीच्या भोवती पीओपी नको, सिमेंटची पुट्टी वापरा.

---

सदनिका

मृद्गंध, बाहेरच्या भिंतीचा खर्च स्वतः करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, पावसाच्या पाण्याने होणारी गळती संस्थेने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या कामांच्या यादीत आहे. खिडकीची फ्रेम आणि ट्रॅक मात्र बहुतेक सोसायट्या सभासदाकडे टाकतात, म्हणून दोन्ही चाचण्यांचे फोटो वेगवेगळे जोडा. निळं पाणी ट्रॅकचं, वरचा डाग भिंतीचा. तसं दाखवलं की कमिटीला ‘तुमच्या खिडकीमुळेच’ असं म्हणायला जागा राहत नाही.

इमारत नवी असेल तर ताब्याची तारीख बघा. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायदा २०१६ च्या कलम १४(३) नुसार, ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला तर विकासकाने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. अर्थात प्रकल्प त्या कायद्याखाली नोंदणीकृत हवा. सोसायटीचं रंगकाम झालं असेल तर रंगकामाच्या कंत्राटातली हमीही काढून वाचा, त्यात गळतीची मुदत बहुधा लिहिलेली असते.

---

चिरेबंदी

यालाच जोडून विचारतो. रत्नागिरीजवळ जांभ्याचं बैठं घर, लाकडी खिडक्या, उघडझाप करणारी पानं. पाणी पानांच्या खालून आणि चौकट-चिऱ्याच्या मधून येतं. वरचे उपाय लागू होतील का?

---

ओळंबा

तत्त्व तेच, साहित्य वेगळं. जांभा पाणी पितो आणि पाऊस थांबला की सोडतो. त्यावर बाहेरून घट्ट सिमेंट गिलावा चढवला की आत गेलेलं पाणी अडकतं आणि चौकटीचं लाकूड कुजतं. त्यामुळे दरजा (चिऱ्यांमधले सांधे) चुन्याच्या मसाल्याने भरा. फार तर त्यात थोडं सिमेंट.

चौकट-चिऱ्याच्या फटीत बॅकर रॉड आणि हायब्रिड सीलंट, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. ही फट मार्च-एप्रिलमध्ये, ती सर्वांत रुंद असताना भरा. पानांच्या खालच्या आडव्या पट्टीवर बाहेरून उतरत्या माथ्याची लाकडी पट्टी ठोका, ३५-४० मिमी पुढे आलेली, पोटाला खाच असलेली. पाणी पानावरून ओघळून उंबऱ्याच्या फटीत जातं ते तिथेच तुटेल. उंबऱ्याला बाहेर उतार द्या. लाकडाच्या कापलेल्या टोकांना रंगाचे तीन हात द्या, पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरतं.

आणि पश्चिमेच्या बाजूला पावसाळ्यापुरती झापांची (विणलेल्या माडाच्या पानांची) झडी, म्हणजे आडोसा, बांधायची पद्धत सोडू नका. भिंतीवर पाणी पोचूच न देणं हा सगळ्या सीलंटपेक्षा वरचा उपाय आहे. झापं मिळत नसतील तर शेडनेट किंवा पत्रा चालेल, फक्त भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा म्हणजे मागे हवा खेळते.

---

मृद्गंध

सोसायटीला पत्र दिलं. बाहेरचं काम दिवाळीच्या आसपास सुरू होईल असं म्हणतायत. तोवर काय करू?

---

फ्रेमवाला

मुंबईच्या परिसरातून मोसमी पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, आणि त्यानंतर भिंत वाळायला दोन-तीन आठवडे द्यायलाच हवेत. दिवाळीचा मुहूर्त त्यामुळे बरोबर आहे.

वीप होल मोकळी करणं आणि नव्या खाचा पाडणं उद्याही होईल, त्याला कोरड्या हवेची गरज नाही. साठणारं पाणी निम्म्याहून कमी झालं की उजव्या कोपऱ्याची ओल तिथेच बरीच उतरेल. कोपरे आणि स्क्रूची भोकं सील करायला दोन दिवसांची उघडीप लागेल. आदल्या दिवशी ट्रॅक पुसून ठेवा, सकाळी हेअर ड्रायरने सांधे तापवून कोरडे करा आणि दुपारपर्यंत माल भरा. उघडीप मिळालीच नाही तर सांधा तसाच वाळवून त्यावर ब्यूटाइल टेपचा (चिकट रबरी पट्टीचा) तुकडा दाबून बसवा. हंगाम निघतो. नंतर ती पूर्ण काढून, अल्कोहोलने पुसून मगच सिलिकॉन.

वरच्या डाव्या डागाला आतून वॉटरप्रूफ रंग लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. पाणी येणं थांबत नाही, फक्त भिंतीत आडवं सरकतं. तुमच्या खिडकीच्या बाजूला विजेचा बोर्ड असेल तर ते त्या बोर्डापर्यंतही जाऊ शकतं. तिथली पुट्टी खरवडून भिंत उघडी ठेवा, म्हणजे ती वाळत राहील. बोर्ड जवळ असेल तर इलेक्ट्रिशियनकडून त्याची लाइन तपासून घ्या आणि ओल दिसली तर तेवढी लाइन एमसीबीवरून बंद ठेवा.